जवाईबापूचा खांब

९ ऑक्टोबर १९८३, तुमसर

पोळा झाल्यावर चार दिवस म्हणून सासुरवाडीला आलो, तो अजून इथेच आहे. नागपूरच्या ठेकेदाराने काम गुंडाळलं आणि त्याबरोबर माझी सुपरवायझरीही गेली. परत कधी जाणार, असं इथे मला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर फणकाऱ्याने काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं. इथे आपलं बसायला पाट, पाय धुवायला पाणी, वाटीत तूप आधी माझ्या. घरजावयाला इतका मान दिला की त्याला घास गिळवत नाही. सकाळी न्हावी म्हणाला, "मुक्काम आहे वाटते बापू अजून?" अर्धी दाढी टाकून उठावंसं वाटलं.

आज जेवताना मिलचा विषय निघाला. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोमाजींची, उसन्या, म्हणजे धान भिजवून-वाफवून काढलेल्या, तांदळाची मिल आहे. धान भिजवायची मोठी टाकी सिमेंटच्या चार खांबांवर उभी आहे. वर गरम पाणी, खाली वाफ आणि गळती. त्यातल्या फाटकाकडच्या खांबाचा एक मोठा टवका परवा सुटून पडला आणि आतली गंजलेली सळई उघडी झाली. मामाजी म्हणत होते की दिवाळीनंतर नवं धान येईल, त्याआधी नागपूरचा माणूस बोलवून दुरुस्त करून घ्यावा. माझ्या तोंडून निघून गेलं, "कायले माणूस? मी आहो ना."

सगळ्यांचे हात थांबले. सासूबाईंनी वरणाची पळी तशीच धरून ठेवली. मामाजींनी एकदा माझ्या बायकोकडे, शकुंतलेकडे पाहिलं, मग ताटाकडे. "तुमी म्हणता तं तुमीच करा, जवाईबापू. आता दुसरा माणूस नाई."

डिप्लोमा मी केला आहे हे खरं. पण साइटवर माझं काम हजेरी घेणं आणि सिमेंट काढून देणं. खांबाची डागडुजी लांबून पाहिली आहे, स्वतः कधी केलेली नाही. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. खांब नीट झाला तर या घरात मी कोणीतरी आहे. नाही तर बसून खाणारा आहेच.

१३ ऑक्टोबर

नागपूरहून इपॉक्सी आणलं. दोन डबे असतात. एकात मधासारखी चिकट राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं औषध. दोन्ही मिसळून त्यात बारीक वाळू घालायची आणि हात चालेल तेवढ्या वेळात लिंपून टाकायचं. मग म्हणे दगड. दुकानदाराने विचारलं, "खांब कोरडा आहे ना? ओल्या जागी हे धरत नाही." मी म्हटलं, "इंजिनिअर आहे मी." तो हसला नाही, पण पुढे काही सांगणार होता ते त्याने सांगितलं नाही. गाडीत तुमसर रोडपर्यंत त्या न सांगितलेल्या गोष्टीचा विचार करत आलो.

१४ ऑक्टोबर

छिन्नी घेऊन बसलो. सैल झालेलं सिमेंट काढावं तर आणखी निघतंच. सळईचा गंज पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो. एका जागी ती झिजून पेन्सिलीएवढी बारीक झाली आहे. खरं म्हणजे टाकीखाली जाड लाकडी बल्ल्यांचा टेकू द्यायला हवा आणि खांब पार आतपर्यंत, सळईच्या मागपर्यंत, खोदायला हवा. पण बल्ल्या म्हणजे मामाजींकडे मागणं आलं. "काम वाटलं त्यापेक्षा मोठं आहे" असं सांगणं आलं. मग ते हळूच म्हणणार, नागपूरचा माणूस बोलवू का? तेवढं माझ्याने ऐकवणार नाही.

छिन्नी ठेवून दिली. पुरे झालं एवढं.

१५ ऑक्टोबर

लिंपलं. खांबाला घाम आल्यासारखी ओल होती. फडक्याने पुसून घेतली, वरून कोरडा दिसला. थापीने असं गुळगुळीत केलं की दुरुस्ती कुठे सुरू होते ते बोटाला कळू नये. वरून रंगाचा हात दिला. सुखराम भट्टीवाला येऊन बघून गेला, "लय सफाई आहे बापूच्या हाताले," म्हणाला.

१६ ऑक्टोबर, दसरा

सासूबाईंनी यंत्रांची पूजा करताना माझ्या खांबालाही हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. मामाजींनी सगळ्या मजुरांसमोर माझ्या खांद्यावर शेला घातला. इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच लाज वाटली.

१० नोव्हेंबर

नवं धान आलं. भट्टी पेटली. मिलमध्ये उसन्या धानाचा तो आंबूस गरम वास भरून राहिला आहे. मी रोज सकाळी एक फेरी मारतो. खांब उभा आहे.

एक गंमत दिसली. रंभाबाई आणि तिच्या हाताखालच्या बाया, ज्या वाफवलेलं धान अंगणात पसरतात, त्या पूर्वी टाकीखालच्या सावलीत शिदोरी सोडायच्या. आता बाहेर कडुलिंबाखाली बसतात. मी विचारलं तर रंभाबाई म्हणाली, "कोंडा डोळ्यात जाते बापू. लिमाखाली बरं वाटते." कोंडा काय यंदाच उडायला लागला? बायांचं काही सांगता येत नाही.

आणखी एक. टाकी अर्धीच भरतात. मामाजी म्हणाले, "औंदा धानच कमी आहे." फाटकाबाहेर तर धानाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली असते. त्यातल्या काही बंड्या दुपारी वळून दुसऱ्या मिलकडे जाताना मी स्वतः पाहिल्या. मामाजींचं वय झालं, व्यवहारात आता ती धार राहिली नाही. हे मी त्यांना कसं सांगणार? मी पडलो जावई.

१७ नोव्हेंबर

मामाजींच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीचा खेळ बघायला आम्ही सगळे बंडीने गेलो. माझे साडू वासुदेवराव जवाहरनगरहून आले होते. ते तिथे कारखान्यात आहेत, क्वार्टर आहे, कारखान्याची बस आहे, आणि हे सगळं ते प्रत्येक वाक्यात कुठेतरी बसवतात. मला बघून म्हणाले, "काय खांबवाले, आमाले दाखवता का नाई तुमचा ताजमहाल?"

परत येताना दाखवला. ते भोवती फिरले, बोटातल्या अंगठीने दोन-तीन जागी वाजवून पाहिलं आणि त्याच जागी पुन्हा वाजवलं. मग म्हणाले, "रंग कोणता मारला?" चहा पिताना त्यांनी मामाजींना बाजूला नेलं आणि बराच वेळ दोघे परसात उभे होते. जाताना माझ्याशी नीट नजर मिळवली नाही. माणसाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. अगदी क्वार्टर असलेल्या माणसालाही नाही.

२९ नोव्हेंबर

आज लिहायला कारण चांगलं आहे. मामाजींनी आपला तख्त हलवला. इतकी वर्षं ते दारापाशी उजेडात बसत, धानाचा नमुना तळहातावर घेऊन पाहत. आज तो तख्त आत, टाकीखाली, माझ्या खांबाला टेकवून ठेवायला लावला आणि त्यावर दिवसभर बसले. "थंडीचे दिवस, इथं ऊब आहे," म्हणाले. पण मला कळलं. साडूंनी काहीतरी कान भरले असणार, आणि मामाजींनी सगळ्यांसमोर त्याला हे उत्तर दिलं. माझ्या स्वतःच्या बापाने माझ्यासाठी एवढं केलं नाही.

सासूबाई मात्र त्यांच्यावर रागावल्या आहेत. डबा घेऊन मिलमध्ये येतात, दारातच उभ्या राहतात, त्यांचं जेवण होईपर्यंत हलत नाहीत. म्हाताऱ्या नवरा-बायकोचं काहीतरी असेल.

६ डिसेंबर

सुखराम हमालांना ओरडत होता, "अरे, पोते तिकडं कायले टाकून राहिले? जवाईबापूच्या खांबापासून दूर ठेवा." खांबाला माझं नाव पडलं तर. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून किती जपतात. घरी येऊन शकुंतलेला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती उठून आत गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. कांदा नव्हता. विचारलं तर म्हणाली, "काई नाई." हिला माहेरी राहण्याचा कंटाळा आला असेल. मलाच काहीतरी हालचाल करायला हवी.

१६ डिसेंबर

सकाळी एका बंडीचा बैल मागे सरकताना बुजला आणि बंडीचं मागचं टोक खांबावर आदळलं. जोरात नव्हतं. पण आवाज आला तो दगडाचा नव्हता. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज.

 हमाल थांबले, रंभाबाई टोपली कमरेवर घेऊन थांबली. आणि खांबाकडे कोणीच पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लगेच नजरा फिरवल्या. तख्तावरून मामाजी मोठ्याने म्हणाले, "बैल वढाळ आहे तुहा, पुढं घे बंडी." बंडीवाला बिचारा काही न करता शिव्या खात बाहेर गेला.

दिवसभर तो आवाज कानातून जाईना.

१७ डिसेंबर

आज बाजाराचा दिवस, मिल बंद. दुपारी एकटा गेलो. वरपासून खालपर्यंत खांब वाजवत आलो. जुनं सिमेंट खणखणतं. माझं काम सगळं पोकळ. एका कडेला रंगाखाली केसाएवढी चीर होती, तिच्यात छिन्नीचं टोक घातलं आणि थोडं उचललं. माझी सगळी सफाई एका तुकड्यात, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी हातात आली. तिची आतली बाजू ओली होती. सळईचा लाल डाग तिच्यावर उमटला होता. धरलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. आत गंज सुखाने वाढत होता आणि बाहेरून मी त्याच्यावर शेला पांघरला होता.

तख्त बाजूलाच होता. त्याच्यावर बसलो आणि मग एकेक करून सगळं डोळ्यांसमोर आलं. कडुलिंबाखालची शिदोरी. अर्धी टाकी. परत जाणाऱ्या बंड्या. अंगठी. दारातल्या सासूबाई. इतके दिवस आख्खी मिल माझ्या खांबाला वळसा घालून चालत होती आणि मी इथे बसून मामाजींच्या वयाबद्दल लिहीत होतो. मागची पानं उघडून वाचली. तोंड कुठे लपवू असं झालं.

पापुद्रा होता तसा जागेवर दाबून बसवला आणि घरी आलो. हेही लिहून ठेवतो. चोरासारखा बसवला.

शकुंतलेला विचारलं. तिने काही लपवलं नाही. वाटच बघत असावी.

"सगळ्याईले मालूम होतं?"

"हो. सुखरामनं दसऱ्यालेच वाजवून पाह्यला होता."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोणी?"

"जवाईले कसं सांगाचं? तुमाले सांगतलं असतं तं तुमी त्याच दिवशी पिशवी घेऊन निघून गेले असते. बाबाले तेच नको होतं."

"मामाजी तिथं कायले बसतात?"

ती माझ्यासमोर बसली. "बाया टाकीखालून जाले तयार नव्हत्या. सुखराम म्हणे, मी भट्टी पेटवत नाई. मंग बाबा म्हणाले, मी खाली बसतो, मंग तं भेव नाई ना कोणाले? टाकी आर्धीच भरू. पण जवाईबापूसमोर कोणी ब्र काढाचा नाई."

"अन् तू?"

"मी रोज आईसंग दारात उभी राह्यतो. तुमी पाह्यलं नाई."

आधी राग आला, हे कबूल करतो. मला सगळ्यांनी मिळून लहान मूल केलं म्हणून. पिशवीत कपडेही भरले. सकाळच्या गाडीने तुमसर रोड, तिथून नागपूर. मग डोक्यात आलं की मी निघून गेलो तरी मामाजी त्या तख्तावरून उठणार नाहीत. गेलेल्या जावयाच्या कामाला नाव ठेवलं असं कोणी म्हणू नये म्हणून ते उलट जास्तच घट्ट बसतील. माझ्या पळून जाण्यानेही त्यांची सुटका होत नाही.

कपडे परत काढून ठेवले.

१८ डिसेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी मिलमध्ये गेलो तेव्हा टाकीत धान पडलं होतं आणि पाणी सोडायला सुरुवात झाली होती. मामाजी तख्तावर. दारात सासूबाई, आणि हो, त्यांच्यामागे शकुंतला.

"मामाजी, उठा."

"काहून? बरं आहे इथं. ऊब आहे."

"माझं काम वाया गेलं. खांब पोकळ आहे."

"कोण म्हणते? नाव सांगा मले त्याचं."

"मी म्हणतो."

ते जणू ऐकूच आलं नाही. "थंडी आहे आज. चहा घ्या, जवाईबापू." आणि खरंच चहा आणायला सांगितला. मी पापुद्रा ओढून काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, तख्ताखाली सरकवून ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. इतकं केविलवाणं हसू मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. त्यांना ऐकायचं नव्हतं असं नाही. त्यांना येत नव्हतं. पोरगी दिलेल्या माणसाला "तुझं चुकलं" म्हणायचे शब्द त्यांच्या तोंडात कधी कोणी घातलेच नव्हते.

मग मीही तख्तावर त्यांच्याशेजारी बसलो. "सुखराम," म्हटलं, "आज टाकी पूर्ण भर. काठोकाठ."

सुखराम मामाजींकडे बघायला लागला.

"भर म्हणतो ना. काम माझं आहे. जवाईचा शब्द मोडते काय?"

पाण्याचा आवाज वाढला. मी बसून राहिलो. धीट होतो असं नाही, तख्ताची कड दोन्ही हातांनी धरून होतो. मामाजी म्हणाले, "आर्धीच राहू द्या, बापू." मी विचारलं, "काहून?"  पाणी चढत होतं. दारात शकुंतलेने आईचा हात धरला होता. मामाजींनी तिकडे पाहिलं, मग वर, मग माझ्याकडे.

"काहून अर्धी, मामाजी?"

"पडन ना रे," ते ओरडले, "मरशीन ना, गाढवा," आणि माझ्या शर्टाची कॉलर धरून मला त्यांनी अंगणापर्यंत ओढत नेलं. या वयात एवढा जोर त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. मागे सुखरामने पाणी बंद केलं होतं.

खांब पडला नाही. ते महत्त्वाचं नाही. बाहेर आल्यावर मामाजींनी आपल्या हाताकडे पाहिलं, त्यात अजून माझी कॉलर होती. ती सोडली, चुरगळलेली कॉलर हाताने सरळ केली, आणि सगळ्या बायांसमोर, हमालांसमोर, माझ्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं, जवाईबापू. तोंडातून निघून गेलं."

मला वाचवल्याची माफी मागत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मी आज उभ्या उभ्या अनुभवलं. त्यांचे हात धरून खाली केले.  शेवटी एवढंच म्हणालो, "मामाजी, बल्ल्या पाह्यजेत. अन् नागपूरचा माणूस."

"बल्ल्या आहेत," ते म्हणाले. "दसऱ्यापासून आणून ठेवल्या."

भुशाच्या ढिगामागे होत्या. सोललेल्या, मापाच्या.

२८ डिसेंबर

टाकी रिकामी केली. चारी बाजूंनी बल्ल्या आणि पाचरी. नागपूरचा ठेकेदार दोन माणसं घेऊन आला आहे. मी त्यांच्या हाताखाली आहे. घमेली उचलतो, तारेच्या ब्रशने गंज घासतो. ते विचारतात, आधी हे कुणी केलं होतं? मी सांगतो, मी. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली. आता सवय होते आहे, पण कान अजून गरम होतात.

खणखणीत लागेपर्यंत खांब खोदला. बारीक झालेल्या सळईशेजारी नवी बांधली. सिमेंटच्या पाण्याचा हात देऊन मसाला थराथराने भरला. आता ओल्या गोण्या गुंडाळल्या आहेत, त्या सतत ओल्या ठेवायच्या. माझ्या खांबाला ओल नको होती, याला ओलच हवी. ते काम मी मागून घेतलं आहे. या घरात मी मागितलेली ही दुसरी गोष्ट; पहिली बल्ल्या.

४ जानेवारी १९८४

मामाजी त्या दिवसापासून जास्तच अदबीने वागतात. पाटाभोवती पुन्हा रांगोळी. मला वाटलं होतं, काहीतरी तुटलं तर बरंच होईल, पण ते रीतीने पुन्हा जोडून घेतलं.

आज मी बाजारात गेलो, ओळखीचं कोणी भेटलं, बोलण्यात वेळ गेला. परत आलो तर मामाजी खांबापाशी उभे. गोण्या वाळून कडक झाल्या होत्या. "अरे, गोण्या पाह्य ना..." त्यांनी सुरुवात केली आणि मी आहे हे बघून गिळून टाकलं. "जवाईबापू, जरासं पाणी..."

"पूर्ण बोला, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई दारात नव्हत्या. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाणी मार ना रे, गाढवा. किती डाव सांगाचं." आणि घाईघाईने फाटकाकडे निघून गेले.

मी पाणी मारलं. खाली मान घालून मारलं, कारण डोळे भरले होते आणि हमाल बघत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

टाकी काठोकाठ भरली. फाटकाबाहेर बंड्या आहेत, पण नोव्हेंबरइतक्या नाहीत. ज्या दुसऱ्या मिलला लागल्या त्या लागल्या. मामाजी ते बोलत नाहीत. तख्त पुन्हा दारापाशी, उजेडात गेला आहे.

लाज गेलेली नाही. बंड्यांच्या रांगेकडे पाहिलं की येते, चहाचा कप समोर आला की येते. खांबाचं नावही तेच राहिलं आहे. आज दुपारी बाया शिदोरी घेऊन टाकीखाली आल्या. रंभाबाई खांबापाशी थांबली. मी समोरच उभा होतो. पूर्वीची असती तर कोंड्याचं काहीतरी सांगून निघून गेली असती. आज तिने पाण्याचा गडवा उचलला आणि माझ्यादेखत खांबावर वाजवून पाहिला, वर एकदा, खाली एकदा, कान लावून. मग त्याला पाठ टेकून जेवायला बसली.